कोटाच्या खिशातली वजनं

“काका, कोट काढा आणि मग काट्यावर उभे राहा,” नवी सिस्टर म्हणाली.

काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आधीची सिस्टर थंडी वाजते म्हटलं की सोडून द्यायची. ही खमकी निघाली. तिने स्वतःच कोट त्यांच्या खांद्यावरून उतरवला, तर तिचा हात ओझ्याने खाली गेला. “काय भरलंय हो यात?” म्हणत तिने चारही खिसे टेबलावर रिकामे केले. फडक्यात गुंडाळलेली, एकेक किलोची पाच लोखंडी वजनं निघाली.

काकांची बायको दारातच थिजली. वजनं त्यांच्याच किराणा दुकानातली होती. चाळीस वर्षांच्या धंद्यात या माणसाने एकदाही काटा मारला नव्हता, अख्खी गल्ली त्याच्या मापाची शपथ घ्यायची. हाच कोट घालून दवाखान्याचा जिना चढताना त्याला धाप लागायची, आणि ती आजाराला शिव्या घालायची.

“सेहेचाळीस,” सिस्टर काटा बघून म्हणाली. “मागच्या वेळी एक्कावन्न लिहिलंय.”

त्या एक्कावन्नच्या आधारावर तर बायको दिवस काढत होती. नवऱ्याला कॅन्सर आहे हे कळलं त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं, हा रोग साखरेवर पोसतो. झालं, साखर, पाव, भात, बटाटे बंद. मग लांबच्या दिराने उंटावरून शेळ्या हाकल्या, की खरी घातक असतात ती प्रथिनं. मग अंडी, मासे, दूध, डाळीसुद्धा गेल्या. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. हिने ऐकलंही जनाचं आणि केलंही जनाचंच. ताटात उरला उकडलेला पाला आणि काकडी.

नवरा वाळत चाललाय हे तिला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पण काटा हलत नव्हता, आणि त्या घरात डोळ्यांपेक्षा काट्याचा शब्द मोठा. वजन टिकलंय म्हणजे पथ्य लागू पडतंय, असं धरून तिने गेल्या महिन्यात भोपळाही बंद केला होता.

डॉक्टर आले. टेबलावरची वजनं बघून खुर्ची ओढून बसले. “कशासाठी केलंत हे, काका?”

दुकानदार बायकोकडे न बघता म्हणाला, “पहिल्यांदा वजन उतरलं तेव्हा ही दोन दिवस रडत होती. म्हणायची, माझंच काहीतरी चुकतंय. म्हटलं, एका किलोने काय होतंय. मग एकाचे तीन झाले, तिनाचे पाच.”

“औषध किती द्यायचं ते आम्ही वजनावरून ठरवतो, काका. मागचे दोन डोस तुमच्या अंगाला जास्त झाले.”

डॉक्टरांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. मागच्या डोसानंतर आठ दिवस त्याच्या तोंडात फोड होते, पाणीही गिळवत नव्हतं. फोड येण्याच्या आदल्या दिवशी त्याने चोरून दोन बिस्किटं खाल्ली होती, त्यानेच झालं म्हणून तिने त्याला फाडफाड बोलून घेतलं होतं.

“मग पाव द्यायचा की नाही? अंडं द्यायचं की नाही? एकदाचं काय ते सांगा,” ती म्हणाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

“कशाने हा आजार होण्याचा धोका वाढतो, कशाने घटतो, त्यावर अभ्यास चालू आहेत, काकू. ती वर्षानुवर्षं खाल्लेल्याची गोष्ट, आणि त्यातही सगळं पक्कं नाही. आत्ता अंगात जोर हवा. जे मागतील ते द्या.”

“आजचं औषध?”

“आज नको. पेलवणार नाही. दोन-तीन किलो वाढू देत, मग बघू.”

डॉक्टर एरवी तारीख सांगायचे. बघू म्हणाले ते आजच.

तिने नवऱ्याला खालच्या कॅन्टीनमध्ये नेलं आणि लोणी लावलेला पाव, ऑम्लेट, भरपूर साखरेचा चहा, सगळं त्याच्यापुढे आणून ठेवलं.

“हे चालतं?” त्याने विचारलं.

“सगळं चालतं. खा.”

त्याने पावाचा लहानसा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ घोळवला आणि कसाबसा गिळला. दुसरा तुकडा ओठांपर्यंत नेऊन परत ताटलीत ठेवला.

“अहो, एक घास. माझ्यासाठी.”

“नाही जात गं,” तो म्हणाला. जणू तिचीच माफी मागत होता. मग त्याने ताटली तिच्याकडे सरकवली. “तू खा. तूही तीन महिने माझ्याबरोबर पालाच खाते आहेस.”

“मला नको.”

“खा. मी बघतो.”

त्याचं मन मोडू नये म्हणून तिने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग हात थांबेना. तो समोर बसून समाधानाने बघत राहिला, आणि ती रडत रडत पाव संपवत गेली, ऑम्लेट संपवत गेली. ताटली रिकामी झाली तरी तिची भूक भागली नव्हती.