चाखणारीण

डॉक्टरांनी भात, पाव, बटाटा कमी करायला आणि गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा बेकरीवाल्याचं तोंडच उतरलं. केकचा प्रत्येक घाणा तो आधी स्वतः चाखायचा, मगच दुकानात मांडायचा.

"आता चव कोण बघणार?"

"मी आहे की," बायको म्हणाली.

तेव्हापासून ती तुकडा घेऊन आत जायची आणि हसत बाहेर यायची. "फर्मास झालाय!" तो निर्धास्तपणे केक मांडायचा आणि भाजी-काकडीचं ताट पुढ्यात ओढायचा.

आज रिपोर्ट आला. साखर आटोक्यात! त्याने कौतुकाने केकचा तुकडा तिला भरवला. तिने हात जोडले, डोळे मिटून घास खाल्ला.

"अगंबाई! यात लिंबू कधीपासून घालता?"

"कधीपासून म्हणजे? महिना झाला! तूच तर रोज चाखतेस!"

"छे हो. तुमची साखर उतरेपर्यंत मीही गोड सोडलं होतं. तुकडे चिमण्यांना घालायचे."

"आणि न चाखताच फर्मास म्हणायचीस?"

"अहो, तुमच्या हाताला चव आहे. ती कळायला मला केक कशाला खावा लागतो?"