भिंतीतला खिळा

बारशाला आलेल्या बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पण आजोबा, रघुवीर तांडेल, भिंतीतल्या खिळ्याकडे तोंड करून बसले होते.

"बाबा, नात पसंत नाही का तुम्हाला?" सुनेने, प्राचीने विचारलं.

तांडेलांनी नजर खिळ्यावरून हलवली नाही. बंदरातली मोठी क्रेन त्यांनी अकरा वर्षं नुसत्या लक्षानं चालवली होती. डोळेही हलवायचे नसत. मन ज्या कंटेनरवर जाई, तो क्रेन उचले. ते निवृत्त झाले, पण त्या कामासाठी मेंदूत बसवलेली तारांची जाळी काढणं धोक्याचं म्हणून ती तशीच राहिली. ती बंद केलीय, असं कंपनी सांगत होती. काल मात्र अंगणातल्या मांजराकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि वसाहतीच्या भिंतीपलीकडे, बंदरात, तीच क्रेन त्याच्या दिशेने वळली.

प्राचीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलंच. तांडेलांनी जुनी विद्या वापरली. डोळे बाळावर ठेवले, मन खिळ्यावर.

"आता कसं!" बायका हसल्या.

तेवढ्यात इवल्याशा मुठीने त्यांचं बोट घट्ट धरलं. खिळा मनातून निसटला.

बाळाच्या तोंडावरचं ऊन हळूहळू सरकून गेलं. खिडकीबाहेर साखळ्या खाली येत असल्याचा आवाज येत होता, आणि तांडेलांना बाळावरून मन काढवत नव्हतं.