पांढऱ्या भुग्याचा उतार

"येते ना! लहानपणापासून करते," अंबादासजी फोनवर म्हणाले आणि कणीक मळणाऱ्या विनताचे हात जागच्या जागी थांबले.

प्रश्न नागपूरहून शैलजाबाईंनी विचारला होता. त्यांचा मुलगा सारंग नॉर्वेत इंजिनिअर. मध्यस्थानं पाठवलेल्या फोटोत तो पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावर उभा होता. बाईंनी विचारलं, तुमची मुलगी हे असलं स्कीइंग करते का हो?

जबलपुरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. पण मुलाकडच्यांनी काहीही विचारलं की आधी 'हो' म्हणायचं आणि मग मुलीला शिकवायचं, हा अंबादासजींचा बाणा. थोरल्या वसुधाच्या वेळी पेटी वाजवण्याबद्दल असंच 'हो' म्हणून झालं होतं. वसुधा घाईघाईनं दोन भजनं शिकली, आता अमरावतीला सुखानं नांदते आहे. पेटीला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही.

"बाबा, काहून खोटं बोलता? खरं सांगून टाका न त्यांना," विनता म्हणाली.

"असं स्थळ पुन्हा चालून येईल का, बेटा? तुझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं."

आई गेल्यापासून अंबादासजींच्या जिवाला हा एकच घोर होता. विनता तिशीला आलेली. नेपियर टाउनच्या क्लासमध्ये गणित शिकवायची आणि आलेल्या स्थळांमध्ये खोट काढायची. हे स्थळ तरी हातचं जाऊ नये म्हणून ते रोज देवापुढे जरा जास्त वेळ उभे राहत.

त्या संध्याकाळी सारंगचा पहिला फोन आला. विनता गच्चीवर जाऊन बराच वेळ बोलली. खाली आली ती वेगळीच होऊन.

"चला बाबा," ती म्हणाली, "उतार शोधू."

अंबादासजी मनात हसले. म्हणजे मुलगा पसंत पडला तर!

मग बापलेक स्कूटरवर जबलपूर पालथं घालू लागले. मदनमहालच्या टेकडीवर नुसते धोंडे. ग्वारीघाटची वाळू सपाट. बरगी धरणाच्या उतारावरून चौकीदारानं हाकललं. पनागरला राइस मिलमागे कोंड्याचा मोठा ढीग होता, तिथे विनता कमरेपर्यंत रुतली आणि दोन दिवस अंग खाजवत बसली.

शेवटी भेडाघाटच्या वाटेवर जागा सापडली. दगड कापणाऱ्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं टाकलेला पांढरा भुगा तिथे टेकडीसारखा साचला होता. लांबून पाहिलं तर बर्फच. गोहलपूरच्या सुतारानं सागवानी पट्ट्या बनवून दिल्या, खालून गुळगुळीत सनमायका लावला.

"भैया, ये पाँव में पहनोगे?" त्यानं विचारलं.

"हम नहीं, बिटिया पहनेगी," अंबादासजी ऐटीत म्हणाले.

विनता मोबाइलवर व्हिडिओ बघायची आणि उतारावर पडायची. गुडघे सोलले, कोपर फुटलं. अंबादासजींनाच तिची दया यायला लागली.

"बस झालं आता. थोडं आलं तरी चालते."

"नाही बाबा. चांगलंच आलं पाहिजे."

"लग्न ठरलं की क्लास सोडावा लागेल हं. सांगून ठेव तिथे."

"पाहू न. आताच काय घाई?"

थंडी संपेपर्यंत ती वरून खाली वळणं घेत यायला लागली, आणि अंबादासजींना आपण कधी खोटं बोललो होतो याचाच विसर पडला.

सारंग सुट्टीवर आला तेव्हा मायलेक मुलगी बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. शैलजाबाई मोकळेपणानं बोलत होत्या, विनताच्या पाठीवरून त्यांनी हातही फिरवला. तेवढ्यावर थांबतील तर ते अंबादासजी कसले!

"चलिए, आता आमच्या पोरीचं स्कीइंग पाहा!"

गाडी करून सगळे टेकडीवर गेले. विनता वर चढली आणि सरसर खाली आली, एकदाही न डगमगता. पांढरी धूळ मागे उडत राहिली. अंबादासजींनी टाळ्या वाजवल्या. सारंग तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं आईकडे पाहिलं. शैलजाबाई पदरानं तोंड पुसत गाडीत जाऊन बसल्या. त्यांना धूळ सोसली नसेल, असं अंबादासजींना वाटलं.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"मुलगी लाखात एक आहे, भाऊसाहेब. पण माझा थोरला त्या बर्फातच गेला. धाकटा ऐकत नाही. त्याला त्या नादातून बाहेर काढणारी मुलगी मला हवी होती. तुमचा 'हो' ऐकला तेव्हा वाटलं, मुलीकडचे आहेत, उगाच म्हणाले असतील. म्हणून आशेनं बघायला आले. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र धीर होईना. माफ करा."

अंबादासजी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. विनता क्लासमधून आली तेव्हा दिवाही लावलेला नव्हता. तिनं दिवा लावला. त्यांनी सगळं सांगितलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"हात दाखवून अवलक्षण केलं मी! तुला येत नाही एवढं खरं बोललो असतो तर आज लग्न ठरलं असतं तुझं. एवढी पडली, एवढं लागलं तुला, आणि ते सारं माझ्या एका खोट्यापायी. मला माफ कर, बेटा."

विनता त्यांच्या पायाशी बसली. त्यांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"रडू नका, बाबा. सारंगनं मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. म्हणाला, येत नाही म्हणून सांग, आई लगेच हो म्हणेल."