साच्यावरचं नाव

“मॅडम, बाहेर करिश्मा आली.”

“कोण करिश्मा?”

“लहानूभाऊची. मेलेली.”

गिरजाबाई सिंदेवाहीच्या या दवाखान्यात सात वर्षांपासून मदतनीस होती आणि थट्टा करणाऱ्यांतली मुळीच नव्हती. डॉक्टर संघप्रियाने हातातली कागदाची पुडी टेबलावर ठेवली. पुडीत सुकरीच्या दातांचा प्लास्टरचा साचा होता. आज सुकरीची तारीख, म्हणून तिने तो नुकताच कपाटातून काढला होता, अजून उघडलाही नव्हता.

सुकरीचं कोडं तिला सुटत नव्हतं. जंगलातल्या गावची पोर. घरचे मिरची तोडायला तेलंगणात गेले ते तिकडेच राहिले, म्हणून एकटीच यायची. दोन वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. नाल्याच्या पुरानं बस बंद होती, त्या दिवशीही आली. दातांची तार आवळली की बाकीच्या मुली दोन दिवस भात गिळून काढतात. ही कधी ‘दुखते’ म्हणाली नाही. हिरड्या स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही. आणि दात मात्र तसूभर हलले नव्हते. आज साचा समोर ठेवून नीट पाहायचं, असं तिने ठरवलं होतं.

करिश्माचं प्रकरण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी इथेच मुलींचं मोफत शिबिर झालं. संघप्रियाने प्रत्येकीला समजावलं होतं, दात वेडेवाकडे असले की घास अडकतो, ब्रश पोचत नाही, हिरड्या सुजतात. तार दाताला हळूहळू ढकलते. पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं, म्हणून तर दात सरकतो. करिश्मा आणि सुकरी एकाच बाकावर बसून हे ऐकत खुदुखुदु हसत होत्या. संध्याकाळी दोघींचे साचे तिने स्वतः ओतले आणि बुडाला पेन्सिलीने नावं घातली. आठवड्याने दोघींना तार बसवली.

महिन्याभरात करिश्मा नाहीशी झाली. अकराव्या दिवशी नाल्याकाठी वाघाने सोडलेलं थोडंफार सापडलं. त्यात खालचा जबडा होता आणि त्याच्या दातांवर तार अडकवायच्या चार चकत्या अजून चिकटलेल्या होत्या. पोलीस तो कापडात बांधून तिच्याकडे घेऊन आले. तिने ‘करिश्मा’ लिहिलेला साचा बाजूला ठेवून पाहिला. उजव्या दाढेचा टवका उडाला होता, तो तंतोतंत जुळला. तिने सही केली आणि करिश्माच्या बापाने, लहानूने, चार हाडांना अग्नी दिला.

“आत पाठव,” ती म्हणाली. भुताचं नाव काढलं तरी वडील रागावत अशा घरात ती वाढली होती.

मुलगी आत आली. मंगळसूत्र, नवी साडी, तोंड सुकलेलं. लहानू तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिला.

“मी हैदराबादले होती मॅडम, प्रफुल्लसंग,” ती म्हणाली. “लग्न केलं आमी. लाजेपायी घरी फोन नाई केला. इथी आली तं माह्याच फोटोले हार.”

“हिची माय वच्छला हिले घरात घेऊन नाई राह्यली,” लहानू मुलीकडे न बघता म्हणाला. “म्हनते, पोरगी तं आपन जाळली, हे तिचं रूप घेऊन आलं. तुमीच सांगतलं होतं का ते दात करिश्माचे. आता हे कोन तेही तुमीच सांगा. तुमी नाई म्हनलं तं म्या हिले इथूनच वापस धाडतो.”

मुलीने पदर तोंडाशी धरला.

संघप्रियाने तिला खुर्चीवर बसवलं. “तार कुठे गेली?”

“तिकडंच काढून घेतली. सासू हासे.”

तार मध्येच काढली की दात जुन्या जागी परततात. म्हणजे साचा जुळायला हवा. संघप्रियाने ‘करिश्मा’ लिहिलेला साचा आणून दिव्याखाली धरला आणि आरसा मुलीच्या तोंडात घातला.

उजवी दाढ अख्खी होती.

तिने पुन्हा पाहिलं. उडालेला टवका परत उगवत नाही. हे तोंड या साच्याचं नव्हतंच. तिला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली.

“काऊन गप झाल्या मॅडम?” लहानूने विचारलं.

ती सवयीने खालचे दात मोजू लागली. एक कमी भरला. डावीकडचा छोटा दात कधी आलाच नव्हता. असला जबडा शिबिराच्या दिवशी आपण ओतला होता, हे तिला आठवलं. तिने टेबलावरची पुडी ओढली आणि कागद सोडला. ‘सुकरी’ लिहिलेल्या साच्यात डावीकडची तीच जागा रिकामी होती. बाकीचा एकेक दात समोरच्या तोंडाशी जुळत गेला.

नावं उलटी पडली होती, तिच्याच हाताने.

“लहानूभाऊ,” ती म्हणाली, “ही तुमचीच करिश्मा. नावं लिहिताना मी चुकले. मला माफ करा.”

लहानू दोन पावलं पुढे झाला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखा रडला. करिश्माने त्याचा हात गालाशी धरला. संघप्रियाच्या मनावरचं ओझं उतरलं. पोरगी आता घरी जाणार होती.

लहानूने शेल्याने डोळे पुसले. दारापर्यंत गेला आणि थांबला.

“मंग मॅडम, आमी जाळलं ते कोनाचं होतं?”

संघप्रियाच्या हातात दुसरा साचा तसाच होता. तिचा अंगठा टवका उडालेल्या दाढेवर थांबला.

गिरजाबाईने दारातून डोकं आत घातलं.

“मॅडम, सुकरी येऊन बसली. धाडू आत?”