कोयनेल

हिवतापाने फणफणलेल्या हिलालला धरणगावच्या डॉक्टरांनी कोयनेलच्या गोळ्या दिल्या. दरसाल त्याच गोळ्यांनी आठवड्यात ताप उतरायचा. त्या साली पंधरा दिवस झाले तरी हटेना. "कडू लागतात म्हणून फेकून देत असेल," डॉक्टर त्याच्या बायकोला, ताईबाईला म्हणाले.

"तुनी आन शे, मी बठ्ठ्या गोळ्या खाद्यात," सगळ्या गोळ्या घेतल्याची शपथ घेत हिलाल कळवळून म्हणाला. पण एवढे शिकलेले डॉक्टर खोटं कशाला बोलतील? ताईबाईने रागाने अबोला धरला. त्या अबोल्यातच तिसऱ्या दिवशी हिलाल गेला.

महिनाभराने डॉक्टर स्वतः तिच्या दारात आले. भर उन्हात अंगावर घोंगडी होती.

"मलाही तोच ताप आलाय, ताईबाई. वीस दिवस त्याच गोळ्या न चुकता घेतोय, तरी हटत नाही... हिलाल खरं बोलत होता."