आडव्या गिटारचा चाहता

मनगटाखाली एक्स-रेची कॅसेट सरकवून घेताना त्या माणसानं हिंदीत विचारलं, "आडवी गिटार वाजवणारे डिंकर तुम्हीच ना?"

दिनकर पोंक्षे थबकला. कुवेतच्या त्या हॉस्पिटलात तो एक्स-रे टेक्निशियन होता आणि तो काही वाजवतो हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. "हो, मीच," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला.

पुण्यात असताना तो गणपतीत हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचा. इथं शुऐबाच्या रस्त्यावर एका अमेरिकन कंपनीच्या क्लबात वेल्डर आणि फोरमन मंडळींचा बँड होता. टेक्सासकडचं वेस्टर्न स्विंग. गाणी गुराख्यांची, ठेका नाचाचा. त्यांचा म्हातारा स्टील गिटारवाला मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या खुर्चीवर दिनकर बसला. गिटार पुढ्यात आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारांवरून घसरली की सूर कधी हसायचा, कधी हुंदका द्यायचा. अशा बँडांची एक जुनी रीत होती. स्टीलवाल्याची पाळी आली की म्होरक्या गाण्याच्या मध्येच त्याचं नाव पुकारायचा. इथला म्होरक्या वॉल्टर फिडल वाजवता वाजवता ओरडायचा, "डिंकर!" आणि तेवढ्या ओळीपुरता सगळा क्लब दिनकरचा व्हायचा.

त्या माणसानं मग बरंच विचारलं. कार्यक्रम कोणत्या वारी असतो, बँड कुठं बसतो, बायकामुलं येतात का. दिनकरनं सगळं सांगितलं. येत्या गुरुवारी खास मुलांसाठी कार्यक्रम आहे, हेही सांगितलं. त्या माणसानं आभार मानले, बाही खाली केली आणि फिल्म धुऊन व्हायच्या आत तो निघून गेला.

घरी आल्यावर दिनकरनं हे बायकोला हौसेनं सांगितलं. शामला भेंडी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"तो तुम्हाला डिंकर म्हणाला?"

"हो. का?"

"अहो, तुमच्या बिल्ल्यावर पोंक्षे लिहिलंय. डिंकर फक्त क्लबात म्हणतात. आणि जो क्लबात येऊन गेलाय, त्याला वार कशाला विचारावा लागतो?"

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या कॉफीच्या दुकानांत स्फोट झाले होते. पलीकडे इराण-इराकची लढाई चालू होती आणि वारा त्या बाजूचा असला की तोफांच्या आवाजानं घरातली तावदानं थरथरायची. आत्ताही थरथरत होती.

शामलाचं म्हणणं, गुरुवारी जाऊ नका आणि कुणाजवळ बोलूही नका. परक्या मुलखात जो तोंड उघडतो त्यालाच आधी चौकीत बसवून ठेवतात. दिनकरला ते पटत होतं. पण वॉल्टरची धाकटी मुलगी दर वेळी त्याच्या गिटारजवळ फरशीवर मांडी घालून बसायची. दुसऱ्या दिवशी तो क्लबावर गेला आणि त्यानं वॉल्टरला सगळं सांगून टाकलं.

वॉल्टर हसला नाही. त्यानं कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं. अधिकाऱ्यानं दिनकरला तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. त्या माणसाच्या एक्स-रेच्या चिठ्ठीवर अशरफ एवढंच नाव होतं आणि अशरफ नावाची माणसं शुऐबापासून शर्कपर्यंत शेकड्यांनी होती.

"मुलांच्या कार्यक्रमाचं त्याला कुणी सांगितलं?" अधिकाऱ्यानं शेवटी विचारलं.

"मी," दिनकर म्हणाला.

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, कार्यक्रम रद्द करून घबराट माजवायची नाही, बंदोबस्त ठेवू. पण पुढचं कळवेपर्यंत तुम्ही इकडे फिरकू नका. वॉल्टर खाली बघत होता.

गुरुवारी संध्याकाळी नवराबायको खिडकीशी बसून राहिली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी शामला त्याचं मनगट घट्ट धरायची. काही झालं नाही. सकाळी वॉल्टरचा फोन आला. सगळं सुरळीत पार पडलं होतं, मुलं खूप नाचली होती. शामलानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि शिरा केला.

दिनकरला मात्र तो घास गोड लागेना. जन्मात एक अनोळखी माणूस त्याचं वाजवणं आवडलं म्हणून बोलायला आला होता, आणि त्यानं त्याचं नाव पहारेकऱ्यांच्या हाती दिलं होतं. वार विचारला म्हणून काय झालं? माणूस एखाद्या वेळी विसरतो.

पुढच्या आठवड्यात अशरफ पुन्हा आला. या वेळी खोकला होता. छातीचा फोटो काढायची चिठ्ठी त्यानं पुढं केली.

"गुरुवारी तुम्ही नव्हता," तो म्हणाला. आवाजात खरीच हळहळ होती. "तुमच्याशिवाय रंग भरला नाही."

दिनकरनं त्याला सदरा काढायला सांगितलं, छाती प्लेटला टेकवून उभं केलं, त्याचे खांदे पुढं वळवले. खांदे गार होते. मग न राहवून त्यानं विचारलं, "तुम्हाला आत सोडलं? दारावर तर पहारा होता."

"पुढच्या दारावर होता," अशरफ म्हणाला. "आता पुन्हा कधी आहे?"

दिनकर शिशाच्या पडद्यामागं गेला. "श्वास घ्या," तो म्हणाला. "रोखून धरा."

त्यानं बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि शांत झालं. तो माणूस पाठमोरा, श्वास कोंडून, आज्ञाधारकपणे उभा होता. आणि 'सोडा' हा एवढासा शब्द दिनकरच्या तोंडून फुटत नव्हता.