मागून येणाऱ्यासाठी

“माती नको. पाणी वत.”

भावकूनं बादली पुढं केली. वडगावहून आलेला विक्रम चपलेनं चुलीवर माती लोटत होता, तो वैतागला.

“आजोबा, विझलीया की ती कवाच.”

“मग हात ठिवून बघ.”

विक्रमनं हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. भावकूनं बादली ओतली. चर्र झालं, राख उडाली. मग म्हातारा स्वतः उकिडवा बसला, ओल्या राखेवर तळवा टेकून दहापर्यंत आकडे मोजले आणि मगच उठला.

सांबरा गावाच्या पुढं ओढ्याकाठच्या या माळावर यल्लम्माच्या जत्रेहून परतणाऱ्या गाड्या एक मुक्काम करायच्या. तळ सगळ्यांचा, म्हणून रीतही सगळ्यांची. पिण्याच्या नळाखाली भांडी घासायची नाहीत, दुसऱ्याच्या ताडपत्रीच्या दोरीला पाय लावायचा नाही, आणि निघताना मागून येणाऱ्याची सोय करून जायचं. चुलीचे तीन दगड मांडलेलेच ठेवायचे. उरलेलं जळण, पुडीतलं मीठ त्यांच्या शेजारी. येणारा कोण, कुठला, कुणाला ठाऊक? तरी ठेवायचं.

खानापूरकडचा भावकू दर वर्षी यायचा आणि बादली घेऊन चुलीचुलीवर फिरून लोकांना नकोसं करायचा. पण त्याला उलटून कुणी बोलत नसे. नऊ वर्षांपूर्वी त्याची पाच वर्षांची नात आरोही याच माळावर कुत्र्याच्या पिल्लामागं पळत सुटली आणि चिंचेखालच्या रिकाम्या जागेत अडखळून पडली. तिथं उतरलेली निपाणीची माणसं सकाळीच निघून गेली होती. वरून राख थंड दिसत होती, खाली निखारे होते. नायलॉनच्या झग्यानं पेट घेतला. आठ दिवस दवाखान्यात काढून पोर गेली.

“निळा टेम्पो हुता त्येंचा,” भावकू भेटेल त्याला सांगायचा. “एकदा माझ्या हाताला लागू दे. पाण्याची एक घागर जड झाली का रं मुडद्या, एवढंच इचारायचं हाय मला.”

त्याची बायको गुणाबाई अशा वेळी तिथून उठून जायची. त्या दिवसापासून ती चुलीपुढं म्हणून बसली नव्हती. घरी सून गॅसवर स्वयंपाक करायची, तळावर भावकू. “पुरं करा की आता. किती वर्सं जीव जाळून घ्याचा?” असं दर वर्षी निघताना म्हणायची. पण त्याला एकट्याला कधी येऊ दिलं नाही.

विक्रमची गाडी गेली आणि चिंचेखाली मोकळ्या झालेल्या जागेवर एक टेम्पो येऊन लागला. रंग पार उडालेला, पण निळा.

भावकू बादली घेऊन तिकडं गेला. पन्नाशीचा एक माणूस खाली उतरला, मागून त्याची बायको.

“पावनं कुठलं?”

“निपाणी. मी नागेंद्र, ही प्रियदर्शनी. लई वर्सांनी आलोय, आप्पा. नऊ वर्सांमागं हितंच उतरलतो, ह्याच चिंचंखाली.”

बादली भावकूच्या हातातून सुटली. नऊ वर्षं घोकलेल्या शिव्या सोडून त्यानं एवढंच विचारलं.

“त्या दिशी चूल इझवून गेलतास का रं?”

“आप्पा, त्या दिशी तर...” नागेंद्र हसत बोलायला लागला आणि थांबला. भावकूच्या मागं गुणाबाई येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

“काय झालंतं?” त्यानं विचारलं.

भावकूनं सांगितलं. पिल्लू, झगा, आठ दिवस. शेवटच्या दिवशी पोर पाणी पाणी करत होती, तेही सांगितलं. नागेंद्रनं ऐकता ऐकता एकदा गुणाबाईकडं बघितलं. मग नजर चुलीच्या दगडांकडं वळवली.

“चुकलं माझं, आप्पा,” तो म्हणाला. “गडबडीत राहून गेलं.”

“अवो, पण...” प्रियदर्शनी पुढं झाली.

“तू गाडीत बस.”

भावकूनं हात उगारला. नागेंद्रनं मान खाली घातली, पण जागचा हलला नाही. उगारलेला हात त्याच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला.

“एवढंच पायजे हुतं रं मला. कुणीतरी व्हय म्हणायला पायजे हुतं.”

किती तरी वेळानं त्यानं डोळे पुसले. बादली उचलून तो आपल्या ताडपत्रीकडं गेला आणि दोऱ्या सोडायला लागला. “आवर गं,” तिथूनच त्यानं हाक दिली, “फुडच्या वर्सी काय यायचं न्हाय आता.” असा मोकळा आवाज गुणाबाईनं नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

नागेंद्रनं मुक्काम केला नाही. टेम्पो चालू केला, तोवर गुणाबाई फडक्यात चार भाकरी बांधून दाराशी आली. गाठोडं तिनं आत दिलं, पण हात काही दारावरून निघेना. तिनं एकदा मागं वळून बघितलं. भावकू लांब होता, दोऱ्या गुंडाळत होता.

“खोटं का बोललास रं बाळा?” ती हळूच म्हणाली. “तू तर पाणी घिऊन आलतास. इस्तू इझवू नको, राखंत झाकून ठेवते, मागनं येणाऱ्याला काडी वडाय नको, असं म्हणत घागर मीच काढून घेतली न्हवती का तुझ्या हातातनं?”